संस्थांच्या कार्यालयांत येणारे स्पॅम संदेश व दूरध्वनी : ओळख आणि अटकाव

अनोळखी क्रमांकावरून आलेला दूरध्वनी उचलू नये, हा सल्ला एखाद्या व्यक्तीला देणे सोपे आहे. धर्मग्रामाचे कार्यालय, शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम किंवा पतपेढी यांना तो देता येत नाही. रात्री अकरा वाजता अपरिचित क्रमांकावरून वाजणारी घंटा अत्यवस्थ रुग्णाच्या घरून आलेली असू शकते. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता लोकांना सहज सापडावा, म्हणूनच तो फलकावर, पावतीपुस्तकावर आणि संकेतस्थळावर छापलेला असतो. परंतु जे गरजवंताला सापडते, ते जाहिरातदारालाही सापडते आणि भामट्यालाही. म्हणून स्पॅमच्या बाबतीत व्यक्तींसाठी दिले जाणारे सर्वसाधारण सल्ले संस्थांना अपुरे पडतात. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ संस्थांच्या दृष्टीने या विषयाची माहिती देत आहोत.

स्पॅम म्हणजे न मागता, घाऊक प्रमाणात पाठविलेला संदेश. अमेरिकेत १९३७ पासून मिळणाऱ्या डबाबंद मांसाचे हे व्यापारी नाव. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमातील १९७० च्या एका प्रवेशात, उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हेच मांस असते आणि त्याच्या नावाचा इतका गजर होतो की दुसरे काही ऐकूच येत नाही. संगणकवाल्यांनी तेथून हा शब्द उचलला. विद्युत-टपालाद्वारे पाठविलेला पहिला स्पॅम त्याहूनही शब्दापूर्वीचा : ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या तत्कालीन संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात धाडली. तक्रारी झाल्या, समज देण्यात आली. पण विक्रीही झाली. त्यात या रोगाचे मूळ आहे. संदेश पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्यामुळे हजारांतून एकाने प्रतिसाद दिला तरी पाठविणाऱ्याचा व्यवहार फायद्याचा ठरतो. उरलेल्या ९९९ जणांचा वेळ त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

संस्थेने आरंभीच एक भेद ध्यानी घ्यावा. काही स्पॅम केवळ उपद्रवी असतो : कर्जाच्या, भूखंडांच्या, सहलींच्या जाहिराती. त्याने वेळ जातो, पैसा जात नाही. दुसरा कपटी असतो. तो जाहिरातीसारखा दिसत नाही. तो बहुधा कर्तव्यासारखा दिसतो. पहिल्यावर सरकारी नियमांचा काही उतारा आहे. दुसऱ्यावर मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या शिस्तीचाच उतारा चालतो.

क्रमांक आणि शीर्षक काय सांगतात

भारतात दूरध्वनीवरील नकोशा जाहिरातींविरुद्ध पहिले नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २००७ साली केले. त्यानंतर २०१० साली आणि पुन्हा २०१८ साली ते नव्याने करण्यात आले. सध्या २०१८ चे नियम लागू असून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आहेत. या नियमांमुळे प्रत्येक व्यापारी संदेशावर एक खूण येते आणि ती वाचता येणे हे कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकासाठी अक्षरओळखीइतकेच आवश्यक झाले आहे.

नोंदणीकृत कंपनीचा लघुसंदेश दहा आकडी क्रमांकावरून येत नाही. तो अक्षरांच्या शीर्षकाखाली येतो आणि त्या शीर्षकाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेविषयी, ‘टी’ म्हणजे व्यवहाराविषयी आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. तेव्हा “आपले खाते आज बंद होत आहे” असा बँकेचा म्हणविणारा संदेश साध्या दहा आकडी भ्रमणध्वनी क्रमांकावरून आला असेल, तर त्यातील मजकूर वाचण्यापूर्वीच त्याची किंमत कळून येते. दूरध्वनींचेही तसेच. जाहिरातीचे नोंदणीकृत दूरध्वनी १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात. बँका, विमा कंपन्या, भांडवल बाजारातील संस्था व सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी २०२४ साली १६०० ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका राखून ठेवण्यात आली आणि या संस्थांना टप्प्याटप्प्याने तिच्यावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले.

ही व्यवस्था परिपूर्ण नाही, हे सांगितले पाहिजे. ८ मार्च २०२१ रोजी लघुसंदेशांचे मजकूर आधी नोंदविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहण्याचे काम प्रथमच काटेकोरपणे सुरू झाले, तेव्हा बँकांचे एकवेळचे सांकेतिक आकडेदेखील अडकून पडले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला आठवडाभराची स्थगिती द्यावी लागली. शिवाय खूण आहे म्हणून संदेश खरा, असे कधीही समजू नये. खूण नसणे हा संशयाचा आधार आहे; खूण असणे हे विश्वासाचे प्रमाणपत्र नव्हे.

जाहिरातींचा उपद्रव कमी करण्यासाठी संस्थेच्या प्रत्येक जोडणीची नोंद ‘व्यत्यय नको’ या यादीत करावी. भ्रमणध्वनीवरून इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द व त्यापुढे ० लिहून १९०९ या क्रमांकावर पाठविल्यास सर्व प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची विनंती नोंदली जाते. १९०९ ला दूरध्वनी करूनही हे करता येते. कार्यालय, शाळा, वसतिगृह आणि सभागृह यांचे क्रमांक वेगवेगळे असतील तर प्रत्येकाची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. एका क्रमांकाची नोंद केली म्हणजे संस्थेची झाली, असे होत नाही.

वरिष्ठांच्या नावाने

आता कपटी स्पॅमकडे वळू. संस्थांना खरा धोका आहे तो येथे आणि त्याची एक घटना विस्ताराने सांगणे आम्हांला योग्य वाटते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्रन्सविक येथे सेंट अँब्रोज नावाचे कॅथलिक धर्मग्राम आहे. २०१९ साली तेथे चर्चच्या नूतनीकरणाचे मोठे काम चालू होते. एप्रिल महिन्यात पवित्र सप्ताहात बांधकाम कंपनीने धर्मग्रामाकडे चौकशी केली की, गेल्या दोन महिन्यांचे देयक का मिळालेले नाही? कार्यालयाला आश्चर्य वाटले, कारण पैसे तर वेळेवर पाठविण्यात आले होते. तपासात उघड झाले ते असे : धर्मग्रामातील दोन कर्मचाऱ्यांच्या ई-मेल खात्यांत चोरट्यांनी शिरकाव केला होता. त्या आधारे, बांधकाम कंपनीने आपली बँक व खाते बदलले असल्याचा भास त्यांनी निर्माण केला आणि सुमारे १७ लाख ५० हजार डॉलर त्या नव्या खात्यात जमा झाले. खरी गोष्ट ध्यानात येईपर्यंत ती रक्कम तेथून काढूनही घेण्यात आली होती.

येथे कोणीही लोभाला बळी पडले नाही. लॉटरी लागली असे कोणी सांगितले नव्हते. काम खरे होते, कंपनी खरी होती, देणेही खरे होते. खोटा होता तो फक्त खाते क्रमांक. आपण कार्यालयातील लोकांना “हाव धरू नका” असे सांगतो तेव्हा या प्रकारच्या फसवणुकीपुढे तो उपदेश निरुपयोगी असतो. येथे फसविले जाते ते कर्तव्यदक्ष माणसाला. देयक वेळेवर चुकते करणारा हिशेबनीस भामट्याला हवाच असतो.

याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणखी एका प्रकाराविषयी सावध केले होते. धर्मगुरूंच्या नावाने भाविकांना ई-मेल जात : आजारी माणसाला मदत करावयाची आहे, कृपया भेटपत्रे विकत घेऊन त्यांवरील आकडे कळवा. पत्रावर नाव धर्मगुरूंचे, अनेकदा धर्मग्रामाचेही. पत्ता मात्र नेहमीचा नसून मिळताजुळता. हाच खेळ आपल्याकडे व्हॉट्सॲपवर चालतो. संस्थाप्रमुखांचे छायाचित्र संकेतस्थळावरून उचलून नव्या क्रमांकावर लावले जाते आणि कर्मचाऱ्याला संदेश येतो : “मी बैठकीत आहे, बोलू शकत नाही, एक तातडीचे काम कराल का?” संदेशातील भाषा नम्र असते, मागणी सुरुवातीला लहान असते. आपल्या संस्थांत वरिष्ठांच्या शब्दाला मान देण्याची रीत आहे, महागुरुस्वामींना किंवा मदर सुपीरियरना उलट दूरध्वनी करून “हे तुम्हीच लिहिले आहे ना?” असे विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. त्या संकोचावरच हा धंदा उभा आहे.

म्हणून हा संकोच वरिष्ठांनीच दूर करावयाचा असतो. प्रत्येक संस्थेच्या प्रमुखाने आपल्या सहकाऱ्यांना लेखी कळवावे की, आपण संदेशाद्वारे कधीही पैसे, भेटपत्रे किंवा सांकेतिक आकडे मागणार नाही, आणि तसा संदेश आल्यास आपल्याला विचारणे हाच आपला मान राखणे होय. असे एक पत्र अनेक महागड्या संगणक प्रणालींपेक्षा अधिक काम करील, असे आमचे मत आहे.

कपटाची चिन्हे

फसव्या संदेशाचे रूप सतत बदलते. त्याचा सांगाडा बदलत नाही. त्यात घाई असते, गुप्तता असते आणि नेहमीचा मार्ग सोडण्याची विनंती असते. ही तीन एकत्र आली की विषय कोणताही असो, थांबावे. शुद्धलेखनाच्या चुकांवरून फसवे पत्र ओळखावे, हा जुना सल्ला आता सोडून द्यावा लागेल, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने भामटेही निर्दोष मराठी व इंग्रजी लिहू लागले आहेत; आवाजाची नक्कलदेखील होऊ लागली आहे.

आपल्या संस्थांकडे वारंवार येणारे काही प्रकार नोंदवून ठेवण्यासारखे आहेत. परदेशातील कोणी दानशूर वृद्धा आपली संपत्ती अनाथाश्रमाला देऊ इच्छिते आणि त्यासाठी आधी थोडे शुल्क भरावे लागेल, हे पत्र आमच्या वाचकांपैकी अनेकांना परिचयाचे असेल. येथे कायदाच आपला रक्षणकर्ता आहे : २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी ही नोंदणीकृत संस्थेला भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विहित खात्यातच प्रथम स्वीकारता येते. दुसरा कोणताही मार्ग सुचविणारा दाता खरा असला तरी त्याची देणगी आपल्याला चालणार नाही. मग त्याच्या खरेपणाचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. दुसरा प्रकार शाळा, सभागृहे व भोजन पुरविणाऱ्या गटांना भेडसावतो. आपण सैन्यदलातील अधिकारी आहोत असे सांगून कोणी आगाऊ रक्कम भरू इच्छितो आणि पैसे ‘मिळण्यासाठी’ चौकट-संकेत टिपून पिन टाकण्यास सांगतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येणारी ‘एपीके’ प्रकारची फाइल. ती पत्रिका नसून प्रणाली असते आणि उघडून बसविल्यास भ्रमणध्वनीतील संदेश परक्याच्या हाती जातात. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. तिला ‘बसवावे’ लागत नाही.

“तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होईल” असे ट्रायच्याच नावाने सांगणारे दूरध्वनीही येतात. ट्रायने जाहीरपणे सांगितले आहे की, आपण ग्राहकांना असे दूरध्वनी करीत नाही. तीच गोष्ट ‘डिजिटल अटके’ची. चित्रफितीवरील संभाषणातून कोणालाही अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरीही एकट्या राहणाऱ्या निवृत्त व्यक्ती तासन्तास अशा ‘अटकेत’ बसून राहिल्या आहेत. निवृत्त धर्मगुरू, धर्मभगिनी व शिक्षक यांच्या निवासांत हे वाक्य दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्यास हरकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. १४० च्या क्रमांकावरून कर्जाची माहिती देणारी मुलगी पगारासाठी ते काम करीत असते. तिला दोन शब्दांत नकार द्यावा, शिवीगाळ नको. आणि कपटी दूरध्वनी करणाऱ्यांतही सारेच स्वेच्छेने आलेले नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मधील अहवालात म्हटले होते की, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार व कंबोडियात सुमारे १ लाख लोकांकडून बळजबरीने अशी फसवणुकीची कामे करून घेतली जात असावीत. नोकरीच्या आमिषाने तेथे नेलेल्या भारतीय तरुणांचीही सुटका करावी लागली आहे. परदेशी नोकरीच्या चौकशीसाठी धर्मग्रामातील तरुण आपल्याकडे शिफारसपत्र मागण्यास येतात तेव्हा हे आठवावे.

कार्यालयाची शिस्त

संस्थेने एकच नियम करावयाचा ठरविला तर तो असा असावा : पैसे, खाते क्रमांकातील बदल किंवा सांकेतिक आकडा यांविषयीची कोणतीही विनंती ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने पडताळू नये. ई-मेलने आलेली विनंती त्याच ई-मेलला उत्तर देऊन तपासली, तर उत्तर भामटाच देतो. संदेशात दिलेला दूरध्वनी क्रमांकही वापरू नये. आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर, ओळखीच्या माणसाशी बोलून खात्री करावी. ब्रन्सविकमध्ये असा एक दूरध्वनी झाला असता, तर रक्कम वाचली असती.

त्याच्या जोडीला, ठरावीक रकमेपुढील प्रत्येक देण्यावर दोघांची संमती असावी. धनादेशावर दोन सह्या घेण्याची पद्धत आपल्या संस्थांत पूर्वापार आहे. मात्र इंटरनेट बँकिंग आल्यावर कित्येक ठिकाणी दोन्ही परवल्या एकाच हिशेबनिसाच्या वहीत लिहिलेल्या आढळतात. तसे असल्यास दोन सह्यांना काही अर्थ उरत नाही. अर्थसमितीने आपल्या पुढील बैठकीत एवढी एकच गोष्ट तपासून पाहावी.

ई-मेल खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी आणि व्हॉट्सॲपवरही दुहेरी पडताळणीचा पिन ठेवावा. सहा आकडी सांकेतिक क्रमांक कोणालाही, अगदी ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून मागणी आली तरीही, सांगू नये. कारण त्या माणसाचे खाते आधीच चोरीस गेलेले असू शकते. संस्था सोडून गेलेल्या सचिवाचे खाते त्याच आठवड्यात बंद करावे. संकेतस्थळावर प्रत्येक धर्मगुरूचा व शिक्षकाचा वैयक्तिक भ्रमणध्वनी क्रमांक देण्याऐवजी कार्यालयाचा एक क्रमांक व एक पत्ता द्यावा. अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा क्रमांक ठेवून तो केवळ सूचनाफलकावर व धर्मग्रामपत्रिकेत छापल्यास रात्रीची झोपही मोडणार नाही आणि खरी हाकही चुकणार नाही. संशयास्पद दूरध्वनींची एक साधी नोंदवही ठेवावी. आज कार्यालयात फसलेला प्रयत्न उद्या शाळेत होतो, असा अनुभव सर्वत्र येतो.

आपणच स्पॅम पाठवू लागलो तर

हा भाग अनेकांना रुचणार नाही. परंतु आपल्या संस्थाही न मागितलेले संदेश पाठवितात. शाळेसाठी घेतलेल्या पालकांच्या क्रमांकांवर यात्रेची, पतपेढीच्या ठेवयोजनेची आणि निवडणुकीतील कोणा उमेदवाराची माहिती जाऊ लागली की पालक तो क्रमांक रोखतात. मग पुरामुळे शाळा बंद असल्याचा निरोपही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. संदेश पाठविण्याच्या सोयीची ही खरी किंमत आहे.

कायदाही येथे लागू होतो. साध्या दहा आकडी क्रमांकावरून जाहिरातवजा दूरध्वनी वा संदेश पाठविण्यास मनाई आहे. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्यास कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी त्या ग्राहकाच्या सर्व जोडण्यांची जावक सेवा १५ दिवस बंद होते आणि पुन्हा तसे घडल्यास सर्व कंपन्यांकडील जोडण्या एक वर्षासाठी खंडित होतात. शाळा किंवा पतपेढीला घाऊक लघुसंदेश पाठवावयाचे असतील तर दूरसंचार कंपनीकडे संस्थेची, शीर्षकाची व मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करून घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत असून, ज्या कारणासाठी क्रमांक घेतला त्याच कारणासाठी तो वापरावा, हे तत्त्व त्यांत आहे. आपल्या कुटुंबनोंदींच्या याद्या कोणाच्या संगणकावर आहेत, हे निदान ठाऊक असावे.

ई-मेल अनेकांना पाठविताना पत्ते ‘बीसीसी’च्या चौकटीत लिहावेत, म्हणजे ते इतरांना दिसत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येक सदस्याचा क्रमांक सर्वांना दिसतो; तेथूनच क्रमांक गोळा केले जातात. कम्युनिटी या सोयीतील सूचनागटात सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून मोठ्या धर्मग्रामांना ती अधिक योग्य. संस्थेच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता असेल, तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला ‘एसपीएफ’, ‘डीकेआयएम’ व ‘डीमार्क’ या तीन नोंदी केल्या आहेत का, असे विचारावे. पत्र खरोखर त्या संस्थेच्या यंत्रणेतूनच निघाले आहे, हे यांवरून पत्र स्वीकारणाऱ्या यंत्रणेला कळते. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना जीमेलने या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. लहान संस्थांनीही त्या कराव्यात. आपल्या पत्त्यावरून दुसऱ्याने पत्र धाडणे त्यामुळे अवघड होते.

तक्रार कोठे करावी

नकोशा जाहिरातीची तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपद्वारे करावी. संदेश अथवा दूरध्वनी आल्यापासून सात दिवसांच्या आत ती करता येते. नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून आलेल्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपला क्रमांक ‘व्यत्यय नको’ यादीत असण्याची आवश्यकता नाही. पैसे गेलेले नाहीत, पण फसविण्याचा प्रयत्न झाला, अशा वेळी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या विभागात माहिती द्यावी. तो मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आहे.

पैसे गेले असतील तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविणे शक्य असते, त्यानंतर कठीण होत जाते. विश्वस्तांची बैठक बोलावून मग कळवू, असे म्हणू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवावा; मूळ संदेश पुसून टाकू नये. ज्याच्या हातून व्यवहार झाला त्या कर्मचाऱ्याला पहिल्याच तासात दटावू नये, कारण कोणत्या क्रमांकावरून काय सांगितले गेले, हे फक्त त्यालाच ठाऊक असते.